दहा मिलिग्रॅमचं ऋण

मिरजेच्या ज्या मनोविकारतज्ज्ञ मॅडमकडे मी गेली काही वर्षं जाते, त्यांचं आणि माझं एकदा औषधाच्या मात्रेवरून चांगलंच वाजलं. त्यांनी मला नैराश्यातून बाहेर काढलं. ते ऋण मोठं आहे आणि ते मी कुणासमोरही मान्य करते. पण त्याहून मोठं ऋण त्या भांडणाचं आहे. त्यांनी मला वाद घालू दिला, स्वतःही हिरिरीनं घातला आणि वाद मिटेपर्यंत मला वाऱ्यावर सोडलं नाही. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी तासगावला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आमची द्राक्षबाग आहे, ती हे बघतात. आमच्या भागात मोठं दुखणं निघालं की पावलं मिरजेकडं वळतात. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे गाव डॉक्टरांचं झालं. आजही बेळगाव-विजापूरकडून पेशंट येतात. पण हाडाच्या किंवा पोटाच्या डॉक्टरांकडे निघालेली बाई एसटीत शेजारणीला आपण कुठं चाललो ते सांगते. मनाच्या डॉक्टरांकडे निघालेली सांगत नाही.

मला तिथं नेलं माझ्या वहिनीनं. दहावीच्या चाचणीचे पेपर माझ्या टेबलावर पडून होते आणि मला लाल पेन उचलवत नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर दगड ठेवल्यासारखं पडून राहायचे. आपण नसलो तर घरच्यांचं ओझं कमी होईल, असं वाटायला लागलं होतं. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी योगासनं सुचवली, कुणी ‘तुला कमी काय आहे?’ असं विचारलं. वहिनीनं काही विचारलं नाही. तिनं माझी पिशवी भरली, यांना फोन केला आणि मला गाडीत बसवलं. त्या दिवशी मी जिवंत राहण्याच्या बाजूला आले ते तिच्यामुळं.

मॅडमनी आधी सगळं ऐकलं. वडील गेले त्यानंतरच्या वर्षी मी अशीच खचले होते, उपचार न घेता कशीबशी सावरले होते, हेही त्यांनी खोदून विचारून लिहून घेतलं. मग एस्सिटालोप्राम सुरू केलं, पाच मिलिग्रॅमपासून. ‘पहिला आठवडा मळमळेल, जीव घाबरा होईल. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील. त्रास आधी दिसेल, फायदा नंतर. तेवढा धीर धरा, बाई,’ असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. झोपेसाठी थोडं क्लोनाझेपाम दिलं आणि त्याची सवय लागते म्हणून काही आठवड्यांत आपणहून काढूनही घेतलं. पाचाचे दहा झाले. दहावर झोप सुधारली, पण सकाळचा दगड हलेना. मग पंधरा, मग वीस. वीस ही या गोळीची नेहमीच्या वापरातली वरची हद्द. वीसवर मी उठले. पेपर तपासले, वर्गात उभी राहिले, स्वयंपाकघरात फोडणीचा वास पुन्हा वास म्हणून आला. औषधांबद्दल वाटेल ते बोलणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते: गोळीनं मला माझं आयुष्य परत दिलं.

त्यानंतर वर्षाच्या आतच माझी आई गेली.

कवठेमहांकाळला, माहेरी. मी सगळं केलं. आलेल्या-गेलेल्यांचं पाहिलं, भावाला धीर दिला, दहाव्याला नदीवर गेले, तेराव्याचं जेवण उरकलं. रडू मात्र आलं नाही. गल्लीतल्या बायका पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, ‘मन मोकळं कर गं, आत दाबू नकोस.’ मी काही दाबत नव्हते. दाबायला आत काही नव्हतं. आई गेल्याचं मला ठाऊक होतं, पण ते मला कुठं लागत नव्हतं. त्यानंतर लेकीला पुण्यात नोकरी लागली, तेव्हाही तसंच. हे पेढे घेऊन आले, मी एक खाल्ला आणि ‘छान झालं’ म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

पुढच्या भेटीत मी मॅडमना म्हणाले, ‘मला दहावर आणा.’

त्या म्हणाल्या, ‘आत्ता नाही.’

त्यांची कारणं पक्की होती. वडील गेल्यावर मी आजारी पडले होते, आता आई गेली होती. एकदा नैराश्य येऊन गेलेल्या माणसाला ते पुन्हा गाठू शकतं, आणि ज्या मात्रेनं बरं केलं तीच मात्रा बरं ठेवते, असा त्यांच्या शास्त्रातला जुना दंडक आहे. दुसरं म्हणजे, हा बधिरपणा औषधाचा आहे कशावरून? कशातच गोडी न वाटणं हे तर नैराश्याचंच मुख्य लक्षण. उरलेला आजार असेल आणि आपण औषध कमी केलं, तर आगीतून फुफाट्यात.

मी म्हणाले, ‘आजारी होते तेव्हा मला फक्त दुःखच होत होतं, मॅडम. आता दुःखही होत नाही. हे दोन्ही मी आतून पाहिलंय. तुम्ही नाही.’

त्यांना ते लागलं. ‘आणि तुम्हाला त्या अवस्थेत इथं आणलं होतं ते मी बाहेरून पाहिलंय. तुम्हाला ते आता नीट आठवतही नसेल,’ असं त्या म्हणाल्या. दोघींचेही आवाज चढले होते. बाहेर रांग होती, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. मी वीसचीच चिठ्ठी घेऊन बाहेर पडले.

इथं आणखी दोन माणसांचं देणं सांगायला हवं. तासगावात एका डॉक्टरांना मी ही तक्रार सांगितली, तर ते म्हणाले, ‘या गोळ्या कशाला घेत बसलाय? बंद करून टाका.’ माझी चिठ्ठी ज्याच्या औषधाच्या दुकानात मी नेहमी देते तो माझा जुना विद्यार्थी. मी सहज त्याला विचारलं, तसा तो गल्ल्यावरून उठून बाहेर आला. ‘बाई, एकदम बंद करू नका. एकदम सोडणारी माणसं चार दिवसांत चक्कर, घाबरं, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतंय म्हणून परत येतात, मी बघतो. पाहिजे तर मॅडमना आत्ता फोन लावून देतो.’ वर्गात त्याचं गणित यथातथाच होतं. पण त्या दिवशी त्यानं माझा हिशोब चुकू दिला नाही.

दुसरे हे. रात्री जेवताना हे म्हणाले, ‘द्राक्षाचे मणी फुगवायला घड डिपिंगला आपण जीए घेतो. पीपीएम जास्त घेतलं म्हणजे मणी तेवढा जास्त फुगतो, असं कुठं असतं? एका मर्यादेपर्यंत फुगतो, मग नुसता तोटा. पण किती घ्यायचं ते बाग बघून ठरतं, पुस्तक बघून नाही. तू त्यांना तुझी बाग नीट दाखवलीस का?’ मी वहीत लिहायला बसले. झोप, भूक, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार यांचं काय. आनंद, दुःख, राग, माया यांचं काय. आणि कोणती गोष्ट कोणत्या मात्रेवर सुरू झाली. लिहून झाल्यावर चित्र स्वच्छ दिसलं. आजाराची बाकी सगळी लक्षणं गेली होती. बधिरपणा एकटाच उरला होता आणि तो वीसवर गेल्यावर आला होता.

ती वही मी पुढच्या खेपेला मॅडमपुढं ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली. मग म्हणाल्या, ‘तुम्ही बाहेर थांबा. शेवटचा पेशंट गेला की बोलू.’

आपल्या देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ येत नाही. ओपीडीत एकेकाला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. अशा ठिकाणी दिवसभराची रांग संपवून, घरी जायचं सोडून, एका हट्टी बाईसाठी डॉक्टर पुन्हा खुर्चीत बसतात, याची किंमत मला तेव्हाही कळत होती.

त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे दोन अक्ष काढले. आडव्या अक्षावर मात्रा, उभ्या अक्षावर टक्केवारी. मेंदूत सेरोटोनिन परत आत ओढून घेणारी प्रथिनं असतात, ही औषधं ती अडवतात. कोणत्या मात्रेला किती टक्के अडतात हे टोरांटोच्या संशोधकांनी पेट स्कॅनवर मोजलं होतं, २००४ साली. त्यावर आधारलेले आकडे होरोविट्झ आणि टेलर यांनी २०१९ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त मांडले. माझ्या गोळीचं सख्खं भावंड म्हणजे सिटालोप्राम. त्याचे वीस म्हणजे माझे साधारण दहा. सिटालोप्रामच्या ९ मिलिग्रॅमच्या आसपास ७० टक्के, २० ला ८० टक्के, ४० ला ८६ आणि ६० ला ८८. त्या बिंदू मांडत गेल्या आणि त्यांनी जोडायच्या आधी मला वक्र दिसला. सुरुवातीला कड्यासारखा उभा, पुढं जवळजवळ सपाट.

‘म्हणजे माझं वीसचं दहा केलं तर मात्रा निम्मी होते, पण परिणाम पाच-सहा टक्क्यांनीच उतरतो,’ मी म्हणाले.

‘हो. हा तुमच्या बाजूचा मुद्दा,’ मॅडम म्हणाल्या. ‘जपानच्या फुरुकावांनी २०१९ मध्येच कितीतरी चाचण्या एकत्र करून पाहिल्या. मात्रा वाढवत नेली तर मध्यम पातळीपर्यंत फायदा वाढतो, पुढं फारसा नाही. त्रासामुळं औषध सोडणारे मात्र वाढत जातात. आणि ही औषधं घेणारे पुष्कळ लोक भावना बोथट झाल्याचं सांगतात, हेही खरं आहे. आता माझ्या बाजूचं ऐका.’

त्यांचा पहिला मुद्दा असा की प्रथिनं किती अडली हा मेंदूचा आकडा आहे, मन किती सावरलं याचा नाही. दुसरा असा की आलेख सरासरीचा आहे. यकृतातलं जे विकर ही गोळी पचवतं ते कुणाचं जलद चालतं, कुणाचं मंद. एकाच दहा मिलिग्रॅमचं रक्तातलं प्रमाण दोन माणसांत वेगवेगळं निघतं. ‘तुम्ही दहावर अर्धवट बऱ्या होतात आणि वीसवर पूर्ण, हे माझ्या फायलीत आहे. ते मी कोणत्या आलेखानं पुसू?’ तिसरा मुद्दा ब्रिटनमधल्या एका चाचणीचा होता, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या. बरं वाटतंय म्हणून औषध हळूहळू पूर्ण थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य पुन्हा आलं. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. ‘तुम्ही थांबवा म्हणत नाही, कमी करा म्हणताय, हे मला कळतं. पण मला भीती कशाची वाटते ते तुम्हालाही कळू दे.’

आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की उत्तरापेक्षा पायऱ्या दाखवा. माझ्या डॉक्टरांनी मला त्यांच्या पायऱ्या दाखवल्या. जिथं त्यांची बाजू लंगडी होती तिथं ती लंगडी आहे हेही सांगितलं. मी हरले असते तरी त्या संध्याकाळचं ऋण राहिलंच असतं.

शेवटी कागदावर करार झाला. आईला जाऊन अजून फार दिवस झाले नव्हते, म्हणून आणखी काही महिने वीसच. ही त्यांची अट. मग पंधरा. त्यावर दोनेक महिने काढून सगळं ठीक असेल तर दहा. ही माझी. आजार परततोय हे ओळखायच्या खुणा मी आणि यांनी मिळून लिहायच्या, कारण पेशंटला स्वतःचं उतरणं उशिरा कळतं. आम्ही लिहिलं: पहाटे तीनची जाग, पेपर साठणं, बहिणीचा फोन न उचलणं, बागेत चक्कर न मारणं. यातल्या दोन खुणा दोन आठवडे टिकल्या तर वाद न घालता मात्रा परत वर. प्रत्येक भेटीत नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरायची आणि तिच्याखाली दहावा प्रश्न आमचा: ‘या महिन्यात कशानं हसू आलं, कशानं रडू?’ तो मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिला. खाली तिघांच्या सह्या.

पंधरावर आल्यावर काही दिवस डोकं हलकं वाटलं, बाकी विशेष नाही. दहावर आल्यानंतर गणपती आले. तासगावच्या गणपतीचा रथोत्सव ऋषिपंचमीला असतो. गुलाल आणि पेढे उधळत माणसं दोराला धरून रथ ओढतात. आई दरवर्षी त्यासाठी कवठेमहांकाळहून यायची, गुलालात माखायची आणि माझ्या अंगणात पाय धुवून मगच घरात शिरायची. त्या वर्षी रथ समोरून गेला आणि मी गर्दीत उभी राहून हमसून हमसून रडले. आई गेल्याचं तेव्हा मला लागलं. पुढचे कितीतरी दिवस लागत राहिलं. पण त्या दुःखात मी जेवत होते, झोपत होते, वर्गावर जात होते. हे दुःख आईचं होतं, आजाराचं नव्हतं. तो फरक ज्यानं भोगलाय त्याला समजावून सांगावा लागत नाही.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी दहाव्या प्रश्नापुढं लिहिलं: ‘रडू आले. झोप व्यवस्थित.’ मग पेन ठेवून म्हणाल्या, ‘आईबद्दल सांगा.’ मी सांगत गेले आणि त्या ऐकत राहिल्या.

एवढ्यावर थांबले तर हिशोब एकतर्फी होईल. पुढच्या थंडीत पहाटे तीनची जाग परत आली, पेपर साठले. यांनी कपाटातून करार काढून माझ्यापुढं ठेवला. मी मिरजेला गेले, मात्रा पंधरा झाली आणि काही महिने राहिली. मॅडमची भीती पोकळ नव्हती. तो कागद नसता तर मी आणखी खोल गेल्यावरच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. लवकर सापडले, लवकर वर आले. आता पुन्हा दहावर आहे आणि पंधराच्या दिवसांतही बधिरपणा वीसइतका दाट नव्हता, हे दोघींच्याही वहीत आहे.

आता प्रश्न दहाच्या खाली जायचा. इथं तोच आलेख माझ्या विरोधात उभा राहतो. वीसवरून दहावर येणं सपाटीवरून चालणं होतं, दहावरून शून्यावर येणं कडा उतरणं आहे. तिथं निम्मी-निम्मी गोळी करून भागत नाही, पावलं लहान करत जावी लागतात, महिनेन् महिने. आणि मुळात उतरावं का, हाही प्रश्न आहेच. मला वाटतं, कधीतरी प्रयत्न करावा. मॅडमना वाटतं, दोन खेपा झालेल्या बाईनं घाई करू नये. आमचं अजून एकमत झालेलं नाही आणि त्याचा मला काही त्रास नाही. वही चालू आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला आपला आजार, सुचवलेले उपचार आणि औषधांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. आपली कागदपत्रं पाहण्याचाही. हे हक्क मोलाचे आहेत. पण कायदा डॉक्टरांना संध्याकाळी पुन्हा खुर्चीत बसवू शकत नाही. ते कुणीतरी आपणहून करावं लागतं. माझ्यासाठी ते केलं गेलं. वहिनीनं गाडीत बसवलं, विद्यार्थ्यानं दुकानातून उठून अडवलं, यांनी वही लिहायला लावली आणि मॅडमनी माझं ‘नाही’ ऐकून घेऊन त्यांचं ‘नाही’ मला नीट समजावलं. यातला एक जरी कमी असता तरी आज मी हे लिहायला नसते, असं मला मनापासून वाटतं.

हे ऋण फेडायचा मला एकच रस्ता दिसतो, तो म्हणजे ही गोष्ट न लपवता सांगणं. आता एसटीत कुणी विचारलं तर मी कुठं चालले ते सांगते.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या उशाशी अशी गोळी असेल, तर त्यांना एक विनंती. मात्रा जास्त वाटते, कमी वाटते, भावना बोथट झाल्या आहेत, झोप येत नाही, संसारात अडचण येते, जे काही असेल ते तारीख घालून लिहा आणि डॉक्टरांपुढं ठेवा. घरातलं एक विश्वासाचं माणूस बरोबर न्या. कारण विचारा, आणि त्यांचं कारण ऐकूनही घ्या. ऐकून घेणारे डॉक्टर मिळाले नाहीत तर दुसरे शोधा, पण तोवर गोळी चालू ठेवा. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गोळी आपल्या मनानं सोडू नका, आणि मनातलं डॉक्टरांना सांगणंही सोडू नका.